सीमांतपूजनीं घरघरत राहिलेल्या दोन गाड्यांची बखर

श्रीगणरायास वंदन, कुलस्वामिनीस दंडवत, आणि डिझेलपंपावरील फिरत्या आंकड्यांस दुरूनच नमस्कार. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध दशमीचे दिवशीं एका राज्यांत जें घडलें तें ऐकिल्याप्रमाणें लिहिलें आहे, पदरचें कांहीं घातलें नाहीं. राज्याचें नांव विचारूं नये. विचारणारासही लाज आणि सांगणारासही लाज. त्या राज्यांत रस्ते बहुत चांगले, तुपाचा हात फिरविल्यासारखे गुळगुळीत, आणि म्हणोनच कीं काय, सरदार लोकांस डोंगर चढणाऱ्या अजस्र गाड्या घेण्याचें वेड लागलें. एकानें घेतली म्हणोन दुसऱ्यानें घेतली, आणि दुसऱ्याची उंच निघाली म्हणोन पहिल्यानें आपली विकोन तिजहून उंच घेतली, मग शिडी लाविल्याविना आंत चढतां येईना, तेव्हां शिडी धरावयास माणूस ठेविला. गाडी रानोमाळ हिंडोन आली ऐसें दिसावें याकरितां दर सकाळीं पत्र्यास चिखल लावण्याचा हुद्दा निर्माण जाहला, त्या हुद्देदारास चिखलनवीस म्हणत, आणि चिखल ताजा दिसला पाहिजे ऐशी सक्त ताकीद असे. आणखी एक रिवाज होता, तोच पुढें भोंवला. दोन सरदार समोरासमोर आले असतां ज्याचें इंजिन आधीं बंद होईल तो धाकटा ठरे, आणि त्यानें उतरोन दुसऱ्यास मुजरा करावा. यामुळें कोणी बंदच करीत नसे. एकदां दोघे सरदार मीठ आणावयास गेले आणि दुकानापुढें दिवसभर घरघरत राहिले, दोहों घरीं अळणी खाल्लें.

या राज्यांत हैबतराव तांबडवाडीकर म्हणोन सरदार होते. माणूस मनाचा मऊ, परंतु गाडीचा विषय निघाला कीं अक्कल गहाण पडे. त्यांस एकच कन्या सगुणाबाई, डोळ्यांतली बाहुली. तिचें लग्न जिवाजीराव कोंढवळे यांचे चिरंजीव रायाजी यांशीं ठरलें, आणि कार्य डोंगरावरील देवीचे देवळांत, दोन प्रहरचे मुहूर्तावर करावें ऐसें ठरलें. डोंगर म्हणावा तर तो कांहीं मोठा नव्हे. म्हाताऱ्या बाया गप्पा मारीत वर जात आणि गप्पा न संपतांच परत येत. तथापि हैबतरावांनीं भर पंगतींत सांगोन ठेविलें होतें कीं, लेकीचे पायास माती लागणार नाहीं, ती आमचे गजमर्दनांतून थेट बोहल्यापाशीं उतरेल. गजमर्दन हें गाडीचें नांव. कन्यादान मात्र त्यांचें खरें सुख होतें. लेक पाळण्यांत होती तेव्हांपासोन, तिचे हातावर पाणी सोडावयाची घडी मनांत येतांच त्यांचे डोळे भरत, आणि तें कार्य दुसऱ्या कोणाचे हातून होणें नाहीं ऐसें ते शपथेवर सांगत. त्यांचे कुटुंब बाईसाहेब मात्र शहाण्या. आपले बंधू बापूजीराव यांस घेऊन त्या आदले दिवशींच पायीं वर गेल्या.

दशमीस सकाळीं डोंगराचे पायथ्याशीं, गांवचे शिवेवर, वरपक्षास सामोरें जाऊन मान द्यावयाचें सीमांतपूजन होतें. इकडोन गजमर्दन आलें आणि तिकडोन जिवाजीरावांचें मेघगर्जन आलें, आणि दोन्ही नाकास नाक लावून धूर ओकीत उभीं राहिलीं. व्याह्यानें उतरोन व्याह्यास भेटावें, परंतु उतरावें तर इंजिन बंद करावें लागे, आणि तें कोण करितो? सवाष्णी आरती घेऊन पुढें जाहल्या, तों तबक खिडकीस पोहोंचेना, मग त्यांनीं टायरासच ओवाळलें आणि टायरासच कुंकू लाविलें. मग कांचा खालीं जाहल्या आणि जिवाजीरावांनीं सहज विचारिल्यासारखें विचारिलें, गाडी काय ऍव्हरेज देते. खरें ऐकाल तर गजमर्दन लिटरास तीन किलोमीटर देई, तेंही उतारावर आणि वारा पाठीशीं असतां. हैबतराव म्हणाले, चौदा. जिवाजीराव म्हणाले, आमची सोळा, आणि एसी लावून. तेथोन वाद पेटला. हैबतराव म्हणाले आमची छातीभर पाण्यांतून जाते. ते म्हणाले आमची पोहते. हे म्हणाले आमची कडा चढते. ते म्हणाले आमची भिंत चढते, सासुरवाडीस चढलीही आहे. मग गाडीचे पोटाखालची उंची निघाली, आणि प्रत्यक्ष पाहावें म्हणोन शेजारचे वाडींतून शेळी आणविली, ती दोहोंखालून सुखरूप पार जाहली. तेव्हां रेडकूं आणविलें. तें मेघगर्जनाखालून वांकोन गेलें, आणि गजमर्दनाखालीं सांवली पाहोन मध्येंच बसलें तें उठेना. जिवाजीराव म्हणाले, हें गेलें ऐसें धरतां येत नाहीं. हैबतराव म्हणाले, जागा ऐसपैस आहे म्हणोनच बसलें. पंच नेमिले, पंचांत दोन तट पडले, रेडकूं रवंथ करीत राहिलें.

इतक्यांत हैबतरावांची दृष्टि डिझेलचे काट्याकडे गेली. काटा तळास टेकला होता आणि लाल दिवा लागला होता. डिझेलचा डबा मागवावा तर चौदाचें ऍव्हरेज तेथेंच बुडालें, म्हणोन त्यांनीं दिव्यावर पागोट्याचा शेमला टाकिला आणि हंसतमुखानें बसले. ऊन चढलें. मागें सगुणाबाई मुंडावळ्या बांधोन बसली होती, ती हळूच म्हणाली, "आबा, मुहूर्त जवळ आला. पायीं जाऊं या."

"थोडें थांब, बाळ," हैबतराव म्हणाले. "त्यांनीं एकदां बंद केली कीं निघालोंच."

सगुणाबाईनें बापाकडे पाहिलें, रागें नव्हे, आजारी माणसाकडे पाहावें तैसें पाहिलें, आणि शालू खोंचोन शिडीवाल्यास हांक मारिली. समोरोन मेघगर्जनांतून रायाजीही उतरला. उपाध्येबोवा पुढें, वधूवर मागें, त्यामागें सवाष्णी आणि वाजंत्री, आणि ज्यांचे दोन तट पडले होते ते पंचही जेवणाची वेळ जाहली म्हणोन त्यांचे मागें, ऐसे सर्व लोक डोंगर चढूं लागले. पहिले वळणावर सगुणाबाई थांबली, आणि खालीं वळोन म्हणाली, "आबा, या ना."

हैबतरावांचा हात किल्लीवर गेला. किल्ली फिरवावयास काय लागतें, लेंकरूंही फिरवील. तों समोरोन जिवाजीराव मिशींत हंसोन म्हणाले, "काय व्याही, बंद करितां?" आणि हात परत आला. मुलगी वळणाआड दिसेनाशी जाहली, आणि हैबतरावांस रडूं फुटलें, आणि रडत रडत ते सांगत राहिले कीं, आमची वाळूंत रुतत नाहीं. जिवाजीरावही घाम पुशीत म्हणत राहिले, आमची बर्फांत. त्या राज्यांत बर्फ कोणी पाहिला नव्हता.

मग गजमर्दनानें दोन आचके दिले आणि तें गप्प जाहलें. लगोलग मेघगर्जन खोंकलें आणि तेंही गप्प जाहलें. सकाळपासोनची घरघर एकाएकीं थांबली, आणि त्या शांततेंत डोंगरावरोन उपाध्येबोवांचा आवाज स्पष्ट आला, "सावधान". हैबतरावांचे मुठींत सकाळपासोन अक्षता होत्या, घामानें भिजोन त्यांचा गोळा जाहला होता. त्यांनीं खिडकींतून हात काढोन त्या डोंगराचे दिशेनें फेंकिल्या, त्या बॉनेटावर पडल्या. वाजंत्री वाजली. जिवाजीराव वर पाहात राहिले, त्यांचाही एकुलता एक मुलगा होता, आणि तरी म्हणाले, "तुमची आधीं बंद पडली."

"आमचीच आधीं पडली," हैबतराव म्हणाले, आणि शिडीची वाट न पाहतां उडी टाकिली, आणि गुडघा फुटला तसाच मुजरा केला, आणि डोंगर चढत धांवले. अक्षता पडल्या तरी कन्यादान बाकी असतें, हा एकच विचार. आणि काय सांगावें, विडा चघळोन व्हावा न व्हावा तोंच देऊळ आलें. वर पोहोंचले तेव्हां बापूजीराव मामांचे हातून पाण्याची धार संपत होती; शेंवटचे थेंब सगुणाबाईचे ओंजळींतून रायाजीचे हातांत पडले. हैबतराव खांबास धरोन धापा टाकीत उभे राहिले. सगुणाबाईनें त्यांचे फुटके गुडघ्याकडे पाहिलें, मग त्या एवढ्याशा वाटेकडे पाहिलें, आणि म्हणाली, "आबा, एवढेंच तर होतें."

येणेंप्रमाणें लग्न सिद्धीस गेलें. कन्यादान मामानें केलें. मुजरा जिवाजीरावांस मिळाला, तो घेऊन ते गाडींतच बसोन राहिले, आणि मुलाचें लग्न त्यांनींही पाहिलें नाहीं. ऍव्हरेज चौदा कीं सोळा, याचा निवाडा त्या राज्यांत अद्याप जाहला नाहीं. लेखनसीमा.