सिंधूअक्कांची खडीसाखर

वकिलाच्या तोंडात खडीसाखरेचा खडा घालून त्याला गप्प बसवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या स्वतःही वकीलच. धुळे-जळगावच्या कोर्टांत सगळे त्यांना सिंधूअक्का म्हणतात.

ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारकडून मोफत वकील मिळतो. अशा वकिलांच्या यादीत माझं नाव लागलं आणि आम्हा नव्या लोकांचं जळगावला प्रशिक्षण ठेवलं गेलं. शिकवायला धुळ्याहून अक्का आल्या. साठीच्या पुढच्या, उंच, सुती साडीवर काळा कोट, खांद्याला कापडी पिशवी. आम्ही पेनं उघडून कलमांची वाट बघत होतो. अक्कांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक खडा ठेवत फिरल्या. आम्हाला वाटलं, प्रसाद.

"तोंडात ठेवा. चावायचा नाही. समोर पक्षकार बसला की खडा विरघळेपर्यंत त्यानं बोलायचं, तुम्ही नाही. आधी आयकी ले, भाऊ. बठ्ठं, सगळं आयकी ले. कायदा कुठं पळून जात नाही."

मागच्या रांगेतून कडकन आवाज आला.

"कोण चावलं?" अक्कांनी मानही वळवली नाही. चावणाऱ्याला दुसरा खडा मिळाला, पहिल्याहून मोठा. एका वयस्कर वकिलांना मधुमेह होता. आपण सुटलो म्हणून ते हसले, तर अक्कांनी डब्याच्या तळातून लवंग काढून त्यांच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात 'नेतृत्व विकास' होतं. आमच्यातले पाटील वकील त्यासाठी नवा कोट घालून आले. पाटलांचा आवाज असा, की ते एका कोर्टात प्रश्न विचारायचे आणि शेजारच्या कोर्टातला साक्षीदार उत्तर द्यायचा. अक्कांनी नेमकं त्यांनाच बोलावून सभेचा अध्यक्ष केलं आणि तोंडात खडा दिला. विषय होता, कायद्याचं शिबिर कुठल्या गावात घ्यायचं. पाटलांनी अख्खी सभा भुवयांवर चालवली. पण एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी त्या दिवशी बोलली, आणि शिबिर तिनं सांगितलं तिथंच, सोनगीरला ठरलं.

"कळलं का पुढारीपण?" अक्कांनी पाटलांना विचारलं. पाटलांनी नुसती मान हलवली. खडा अजून संपला नव्हता.

अक्कांच्या तऱ्हा आणखीही होत्या. फोनवर कामाचं बोलायचं नाही. "फोनमध्ये माणसाचं तोंड दिसत नाही, मला काय समजणार?" कोणी गाडीनं घरी सोडतो म्हणालं तरी जायच्या एसटीनंच. एकदा आमच्यातल्या एकाला त्या धुळ्याच्या स्टँडवर बाकावर बसलेल्या दिसल्या. ज्या एसटीनं त्या आल्या ती केव्हाच परत गेली होती आणि घर तर चालत जाण्यासारखं.

"कोणाची वाट बघताय, अक्का?"

"कोणाची नाही रे. बसले जरा. इथं माणसं असतात."

हेही आम्ही त्यांच्या तऱ्हांतच जमा केलं.

पुढं चोपड्याकडची मंगला नावाची बाई माझ्याकडे आली. सासर केळीवाल्या शेतकऱ्याचं, नवऱ्यानं घराबाहेर काढलेली. पोटगीचा अर्ज करायचा, एवढंच तिनं दारातून सांगितलं. पूर्वी मी लगेच लिहायला बसलो असतो. आता मी तोंडात खडा ठेवला. ती म्हशीबद्दल बोलली, सासूच्या डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलली, मग थांबली. मीही थांबलो. बऱ्याच वेळानं पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "पोटगी ऱ्हाऊ द्या, साहेब. मनी पोर तठे शे. माले ती पाहिजे."

सासरी राहिलेल्या तिच्या मुलीसाठी खटला लढवला. आणि ती आईला मिळाली.

अक्कांना हे फोनवर सांगून चालणारच नव्हतं. मी एका रविवारी दुपारी धुळ्याला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, स्वच्छ. बाहेरच्या खोलीत एकच खुर्ची होती. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः पलंगावर बसल्या. मी सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "पोरगी आईकडं लगेच गेली?"

"नाही. आजीचा पदर धरून उभी होती. मग आईनं हाक मारली, तशी गेली."

"आणि आजी?"

"आजीकडं लक्ष नव्हतं, अक्का."

"हं," त्या म्हणाल्या. "तिनं हात मोकळा केला असेल. नाहीतर पोर जात नाही."

मग उठून त्यांनी खिडकी अर्धी लोटली आणि परत येऊन बसल्या. मी काही विचारलं नाही, आणि त्या आपणहून बोलू लागल्या.

त्यांच्या भावाची बायको बाळंतपणात गेली होती. ती तान्ही मुलगी अक्कांनी वाढवली. तिच्यापायी स्वतःच्या लग्नाचं बघायचं राहून गेलं. तिला मांडीवर झोपवून त्या खटल्यांची तयारी करायच्या. मुलगी शाळेत जायला लागली आणि भावानं दुसरं लग्न केलं. मग तो तिला न्यायला आला.

"मी वकील. बाप आपली पोर मागतोय, त्याला काय सांगणार? तिचे कपडे मीच भरले. जाताना 'आई, येते' म्हणाली. दिवाळीला आली तर दारातच उभी राहिली आणि म्हणाली, आत्या. कोणीतरी शिकवलं असणार. बरोबरच होतं ते. मी आत्याच." त्या थोडं हसल्या. "आता सुरतेला असते. चांगली आहे. फोन करते, 'आत्या, बरी आहेस ना?' मी सांगायला लागते, तेवढ्यात तिचा कुकर होतो."

तेवढ्यात दार वाजलं. शेजारीण वाटी परत द्यायला आली होती. अक्का उठल्या, तिच्याशी पाण्याच्या वेळेबद्दल बोलल्या, वाटी आत ठेवली, आणि पलंगाशी येऊन उभ्याच राहिल्या. चेहरा पुन्हा वर्गातल्यासारखा झाला होता.

"कुठं होते मी?" त्यांनी विचारलं. मग लगेच हात झटकला. "जाऊ दे. चहा टाकते. तुझी गाडी असेल."

"दिवाळीला आली," मी म्हणालो, "दारातच उभी राहिली, आणि आत्या म्हणाली."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच पलंगाच्या कडेला बसल्या आणि पदर गुडघ्यावर सारखा केला.

"हां," त्या म्हणाल्या. "तर हिरवा फ्रॉक होता अंगात. मी घेतलेला नव्हता."