परवाची सहल

वीस वर्षं मी लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवतोय. आजवर कुणाचं रक्त काढलं नाही. म्हणजे तुरटीनं थांबणार नाही एवढं काढलं नाही. पोलीस असो, पैलवान असो, माझ्या खुर्चीत बसला की मान वर म्हटलं की मान वर, गाल फुगवा म्हटलं की गाल फुगवा. असा माणूस घरातल्या दोन पोरांना शहर दाखवून आणू शकत नाही का? शकतो. डोळे मिटून शकतो. हेच मी बायकोला सांगितलं, तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"उघडे ठेवूनच जाऊ या," ती म्हणाली.

ही बाई अशीच. धंदा माझा, पण बिनपाण्यानं हजामत ती करते.

पोरं दोन. थोरली मुलगी बारावी झालेली, पुढच्या महिन्यात लांबच्या कॉलेजात, होस्टेलवर जाणार. धाकटा नववीत, केस खांद्यापर्यंत. न्हाव्याचा पोरगा, आणि वर्ष झालं, बापाच्या कात्रीला डोक्याजवळ येऊ देत नाही. नवी गिऱ्हाईकं विचारतात, "ही तुमची धाकटी का?" मी हो म्हणून टाकतो. कोण वाद घालणार.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, शहराचं मला काही कौतुक नव्हतं. होस्टेलला गेली की पोरगी पाहुणी होते. येणार, चार दिवस राहणार, धुवायचे कपडे टाकून जाणार. त्याआधी एकदा चौघांनी एका बाकावर बसावं, एकाच दिशेला बघावं, एवढंच मनात होतं. पण हे पोरांपुढं बोलता येतं का? मग म्हटलं, शहर बघायचं. म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा, उंच मनोरा आणि मत्स्यालय. बेत डोक्यात पक्का.

शनिवारी दुपारी खुर्चीत पहाटेच्या बसचा ड्रायव्हर होता. ह्या माणसाची मिशी अशी, की स्टॉपवर आधी मिशी पोचायची, मग बस. दाढी करायची होती आणि मिशीची टोकं जराशी सारखी. गालांना साबण लावला आणि म्हटलं, तेवढ्यात घरी कळवून टाकू. लिहायला लागलो तर मला एका शब्दाला एका दाढीएवढा वेळ जातो, म्हणून घरच्या ग्रुपवर मी बोलूनच पाठवतो.

"ऐका सगळे," बोललो. "परवा पहाटेच्या बसनं शहर बघायला जायचं. चौघांनी. कुणाची काही कुरकुर असेल तर आत्ता सांगा."

बायकोनं अंगठा पाठवला. पोरानं एकच अक्षर पाठवलं, के. ओकेतला ओ कुठं गेला? बापासाठी तेवढंही तोंड उघडवत नाही?

मग मुलीचं आलं. ही पोरं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, ते वाचायला मला ओठ हलवावे लागतात. हलवले. दोनच शब्द होते.

पर्वा नाही.

पुन्हा वाचलं. पर्वा नाही. बाप तोंडानं विचारतोय, काही कुरकुर आहे का, आणि पोरगी लिहिते पर्वा नाही. म्हणजे तू जा, राहा, खड्ड्यात पड, आम्हाला पर्वा नाही. माझं डोकं असं तापलं की दाढीचं पाणी वर ठेवलं असतं तर उकळलं असतं.

"काय झालं, भाऊ?" ड्रायव्हर फेसातून बोलला.

"अठरा वर्षं वाढवली. नखाएवढी होती."

"काय?"

"पोरगी. आज म्हणते, पर्वा नाही."

"आधी शांत व्हा. हातातली कात्री ठेवा."

माणूस शहाणा. पण कात्री चालू झाली होती. डावं टोक जरा जास्त गेलं. म्हणून उजवं सारखं करायला घेतलं. मग डावं लांब वाटायला लागलं. डुगडुगणाऱ्या टेबलाचे पाय कापून तुम्ही कधी सारखे केलेत का? तसं झालं. शेवटी टेबलच राहिलं नाही.

ड्रायव्हर आरशात बराच वेळ बघत बसला. आपल्या जागी हा कोण आलाय, त्याला कळेना.

"वाढेल," मी म्हटलं.

"अठरा वर्षं लागली होती, मलापण," तो म्हणाला, आणि टॉवेल न काढताच निघून गेला.

हासुद्धा राग मी मुलीच्याच खात्यावर टाकला आणि घरी आलो.

"पर्वा नाही?" दारातूनच गरजलो.

"हो ना बाबा, तेच सांगतेय," मुलगी म्हणाली. "सोमवारी..."

"हो ना? वर तोंड करून हो ना म्हणतेस?"

"अहो, तिचं ऐकून तरी घ्या," बायको म्हणाली.

"वाचलंय मी. ओठ हलवून वाचलंय."

"बाबा, सोमवारी तिथं..."

"सोमवारी म्हणजे सोमवारी. सगळ्या आठवड्यात तेवढा एकच वार माझा आहे. आणि ही मस्ती येते त्या फोनमुळं. आणा इकडं दोन्ही."

फोन कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. धाकट्याचं तोंड असं झालं, जसे मी त्याचे दोन्ही हातच कापून कपाटात ठेवले. मुलगी मात्र थंड.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता परत येईपर्यंत मी तोंड उघडणार नाही. मग मला विचारू नका."

काय हा हट्टीपणा. कुणावर गेलीय, बायकोला विचारलं, तर ती नुसती माझ्याकडं बघत राहिली.

सोमवारी पहाटे बसमध्ये चढलो. ड्रायव्हर नवा दिसत होता, गुळगुळीत तोंडाचा. मी पुढं जाऊन म्हटलं, "म्युझियमच्या स्टॉपला जरा थांबवा हो."

त्यानं मान वळवली. मग मी डोळ्यांवरून ओळखलं. त्याचा वरचा ओठ थरथरत होता. बिचाऱ्याला तिथं पहिल्यांदाच वारा लागत होता.

"थांबणार नाही," तो म्हणाला.

"अहो, स्टॉप आहे ना तिथं."

"मिशी होती ना इथं."

म्युझियम आमच्या खिडकीतून मागं गेलं. मनोरा गेला. शहर संपत आलं. शेवटी डेपोत उतरवलं, जिथं बघण्यासारख्या फक्त धुवायला लावलेल्या बस होत्या. तिथून उन्हात उलटं चालत यायचं. बायकोच्या हातात डबा, माझ्या हातात पाण्याच्या बाटल्या, आणि धाकटा विजेच्या प्रत्येक खांबाला विचारतोय, "किती वाजले?" फोन नाही म्हणजे त्याला दिवस आहे का रात्र हेही समजत नव्हतं. मुलगी मागून, हू नाही का चू नाही.

म्युझियमला पोचलो. फाटकाला हे एवढं कुलूप. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत वॉचमन.

"उघडा की," मी म्हटलं.

"बंद आहे."

"का?"

"सोमवार आहे."

झालं. पायाची आग होती ती मस्तकात गेली. "सोमवार आहे म्हणजे? सोमवारी बंद ठेवतात का कुठं? माणसाला आठवड्यात एक सुट्टी, तो पोरंबाळं घेऊन लांबून येतो, आणि तुम्ही कुलूप लावून खुर्चीत बसता? आठवडाभर उघडं ठेवायचं आणि नेमकी माणसाला सवड असते त्या दिवशी बंद? ही काय धंद्याची रीत झाली?"

वॉचमननं जांभई दिली.

"बाबा," धाकटा म्हणाला, "आपल्या दुकानावर पण पाटी आहे."

"कसली पाटी?"

"सोमवारी बंद."

वॉचमननं जांभई अर्ध्यात सोडली. "कसलं दुकान?"

"केस कापायचं," पोरगं म्हणालं. घरचे भेदी असे असतात.

वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. "ते तुम्ही लोक होय. मलाही सोमवारीच सवड असते," तो म्हणाला, आणि आपल्या वाढलेल्या दाढीवरून हळूच हात फिरवला.

मी तोंड फिरवलं ते मुलीकडं. "तुला माहीत होतं?"

तिनं आपल्या तोंडाकडं बोट दाखवलं.

"बोल म्हणतोय ना."

"मी लिहिलं होतं, बाबा."

"काय लिहिलं होतंस? पर्वा नाही. बापाची पर्वा नाही, असं लिहिलं होतंस."

"पर्वा नाही कुठं? परवा नाही. तुम्ही म्हणालात परवा जायचं, मी लिहिलं परवा नाही. परवा सोमवार होता. सोमवारी इथं सगळं बंद असतं."

मी तिथंच ओठ हलवून बघितले. परवा. पर्वा. इंग्रजी अक्षरांत दोन्ही एकच. ज्या लिपीला परवा आणि पर्वा यातला फरक दिसत नाही, ती पोरं घरात आणतात आणि वर बापाला अडाणी म्हणतात.

"मला शनिवारीच बोलली होती ती," बायको डबा सावरत म्हणाली.

"मग तू का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात ना, डोळे मिटून शकतो."

परत जायला पाहिजे होतं. पण रागात माणूस परत जात नाही, पुढंच जातो. मनोऱ्यावर गेलो, तिथं सोमवारी लिफ्टची साफसफाई. मत्स्यालयात गेलो, तिथंही बंद. माशांना कसली सुट्टी? सोमवारी पोहत नाहीत का ते?

सगळ्या रस्त्यावर एकच जागा उघडी होती. काचेचं दार, आत गारवा, आणि ओळीनं खुर्च्या.

"बाबा," धाकटा काचेला नाक लावून म्हणाला, "हे उघडं आहे."

सलून. वर्षभर जे डोकं मला शिवू दिलं नाही, ते माझ्या डोळ्यांदेखत परक्याच्या कात्रीखाली गेलं. पोरगा आरशात बघून हसतोय आणि त्याचा बाप वाट बघायच्या बाकावर, मध्ये मुलगी, पलीकडं बायको. तिघंही आरशाकडं बघत. एकीनं डबा उघडला, दुसरी माझ्या बाटलीतलं पाणी प्यायली.

"बाबा," मुलगी कानात म्हणाली, "उजवा कल्ला खाली आलाय ना?"

"आलाच आहे. हा माणूस कात्री धरतो का चमचा? थांब, सांगतो त्याला."

तिनं माझा हात धरून खाली बसवलं. "मिशी आठवा."

मी बसलो. ती तोंड दाबून हसत होती, हात तसाच धरून. मीही रागातच होतो, पण उठलो नाही.

घरी येऊन कपाट उघडलं. संध्याकाळी ग्रुपवर मुलीचं आलं, या वेळी माझ्यासाठी स्वच्छ मराठी अक्षरांत. "बुधवारी सगळं उघडं असतं. परवा परत जाऊ या का? पण बाबांना दुकान बंद ठेवावं लागेल. गिऱ्हाईकं ओरडतील."

बसल्या जागी भरून आलं मला. पोरगी स्वतःहून बोलावतेय. तिच्यापुढं दुकान काय आणि गिऱ्हाईकं काय! म्हटलं, आज बोलून नाही, लिहून उत्तर द्यायचं, तिच्यासारखं. फोनवर मराठी अक्षरं कुठं असतात मला सापडत नाहीत, इंग्रजी समोरच असतात. एका बोटानं, घाम गाळत लिहिलं. दोनच शब्द.

कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, सगळ्यांना भरून आलं असेल.

बुधवारी पहाटे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून दारात उभा राहिलो. दुकानावर पाटी लावून आलो होतो, आज बंद. घरात तीन माणसं घोरत होती. मी दिवा लावला.

"उठा की. बस जाईल."

"कुठली बस?" मुलगी पांघरुणातून म्हणाली.

"कुठली म्हणजे? शहराची."

"तुम्हीच लिहिलंत ना बाबा, परवा नाही."

तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून पहाटेची बस गेली. थांबली नाही. आमच्या घरापुढं हॉर्न मात्र दिला, चांगला लांबलचक.

मुलगी उठून बसली. माझ्याकडं बघितलं, बुटांकडं बघितलं, आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हसून हसून तिनं आईला आणि धाकट्याला जागं केलं.

"चला, पुढच्या बसनं जाऊ," ती डोळे पुसत म्हणाली. "पण दुकान बंद ठेवलंत ना? गिऱ्हाईकं ओरडतील."

मी तोंड उघडलं. दोन शब्द अगदी जिभेवर आले होते. ते गिळले.

"ओरडू देत," म्हटलं.