खिडकीतून गाडीत बसणारे कर्णिक काका

आमच्या सोसायटीतले कर्णिक काका दर रविवारी गाडीत खिडकीतून बसतात. दारातून नाही, खिडकीतून. आधी डोकं आत, मग पोट, मग पोटाशी थोडी झटापट आणि शेवटी दोन पाय हवेत. सत्तरीला टेकलेला माणूस मीरा रोडच्या भर पार्किंगमध्ये असा लटकलेला दिसला की सोसायटीत नवा आलेला माणूस किंचाळतो. आम्ही जुने लोक चहा पीत राहतो.

त्याचं असं झालंय, की काकांनी एक होडी घेतलीय. कयाक म्हणतात म्हणे तिला. लांबलचक, नारिंगी, प्लास्टिकची, पुढेमागे दोन माणसं बसतील अशी. रविवारी सकाळी ते ती वॉचमनच्या मदतीनं गाडीच्या टपावर चढवतात. खाली जुनी सतरंजी, वर होडी आणि मग दोर. दोर होडीवरून घ्यायचा, एका खिडकीतून आत, दुसरीतून बाहेर, परत वर. असे चार वेढे पुढून, चार मागून दिले की होडी पक्की होते आणि तिच्याबरोबर गाडीची चारही दारंसुद्धा. मग काका दार ओढून बघतात, कपाळावर हात मारतात आणि म्हणतात, "अरेच्चा!" दर रविवारी तोच अरेच्चा.

आता दारं उघडून मग दोर आतून घेतला की काम झालं, हे मला पहिल्याच रविवारी कळलं, आणि मला तर गाडी चालवतासुद्धा येत नाही. आम्ही तळमजल्यावर राहतो. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर पार्किंगवर उघडते. माझा नवरा मला भोचक म्हणतो. म्हणू दे. खिडकी बिल्डरनं दिलीय, मी नाही पाडली.

काकांचा जन्म विम्याच्या ऑफिसात गेला, त्यामुळे त्यांचा कशावरच विश्वास नाही. होडी बांधून झाली की जो दिसेल त्याला पकडून ते म्हणणार, "हलतंय का बघा!" दूधवाल्यानं हलवलीय, कुरिअरवाल्यानं हलवलीय, मी पिठाच्या हातानं हलवलीय. आमचे सेक्रेटरी मेहताभाई एकदा चिडून म्हणाले, "काका, पार्किंग मां होडी नहीं चालेगी!" काका शांतपणे म्हणाले, "इथं कुठून चालणार? तिला खाडीवरच न्यावी लागते." मेहताभाईंनी निमूटपणे होडी हलवून दिली आणि गेले.

हे सगळं चालू असताना दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कर्णिक काकूंच्या तोंडाचा पट्टा सुटलेला असतो. काकू मूळच्या मुर्ध्याच्या, खाडीकाठच्या. काका दादरचे. ऑफिसात ओळख झाली आणि दोन्ही घरांचा विरोध पत्करून लग्न केलं, असं ऐकून आहे. "अवो, ती गाठ हाय का केसांची येणी? खालशी घ्या दोर, खालशी! न्हाय, न्हाय! किती येला सांगायचा या मानसाला!" काका मान वर करून विचारणार, "अशी का?" आणि नेमकं उलटं करणार. मग वरून काकूंचा आवाज आणखी चढणार.

मला वाटायचं, काय खाष्ट बाई आहे! एरवी कधी खाली उतरत नाही, हळदीकुंकवाला नाही, गणपतीला नाही, आणि रविवार उजाडला की नवऱ्याची शोभा करायला गॅलरीत हजर. आणि काकांचाही रागच यायचा. बुद्धिबळात सगळ्या सोसायटीला हरवणाऱ्या या माणसाला वर्षभरात एक साधी गाठ येऊ नये?

आणखी एक गोष्ट मला खात होती. होडी परत यायची ती कोरडी ठणठणीत. एकदा मी न राहवून विचारलंच, "काका, पाण्यात सोडली की नाही?"

"पोचेपर्यंत ओहोटी लागली हो. नुसता चिखल."

"मग जरा लवकर निघत जा ना!"

"बांधायला वेळ लागतो ना," असं म्हणून काका खिडकीतून बाहेर पडायच्या उद्योगाला लागले.

मग एका मंगळवारी माझं जुनं कपाट काशीमीऱ्याला नणंदेकडे जायचं होतं. टेंपोवाल्यानं दोर असा काही बांधला होता की गेटमधून निघतानाच कपाट लोटांगण घालायला लागलं. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन कर्णिक काका आले. पिशवी माझ्या हातात दिली, दोराला मध्येच एक फास केला, टोक खालून घेऊन त्यातून ओढलं, पाय टेकवून ताणलं आणि गाठ मारली. मी कपाट हलवून बघितलं. टेंपो हलला, कपाट जागचं हललं नाही. ही तीच गाठ होती, जी काकू वर्षभर वरून ओरडून ओरडून शिकवत होत्या.

"अहो काका! तुम्हाला येते ही गाठ?" मी जवळजवळ किंचाळलेच.

काकांनी पटकन गॅलरीकडे बघितलं. "हळू बोला हो! वर ऐकू जाईल."

मग गेटपाशी उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. काकूंचा थोरला भाऊ वारला. ज्याच्या होडीत बसून त्या खाडीत लहानाच्या मोठ्या झाल्या, तो भाऊ. तेव्हापासून काकूंचं बोलणंच बंद झालं. ताट समोर ठेवलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या.

"म्हटलं, होडी आणली तर पाण्यावर तरी येईल. कसलं काय! बघायलाही उतरली नाही. पहिल्या रविवारी मला खरंच बांधता येत नव्हती. झटत बसलो होतो, आणि वरून आवाज आला. अहो, किती महिन्यांनी ऐकला मी तिचा आवाज! शिव्याच होत्या, पण काय गोड लागल्या सांगू!"

"आणि मग तुम्ही गाठ शिकलात?"

"शिकावीच लागली. चुकवायची तर आधी नीट यायला हवी ना. तीच चूक परत परत केली तर तिला कळेल. दर आठवड्याला नवीन काढावी लागते. दाराची तेवढी कायम ठेवलीय." काका ओशाळून हसले. "मी खिडकीत अडकलो की ती हसते. तुम्हाला खालून दिसत नाही."

त्यांची भाजीची पिशवी माझ्याच हातात राहिली होती, ती परत दिली.

"आणि होडी?"

"दोघांची आहे ती. मी एकटा कशाला बसू?"

पुढच्या रविवारी मी चहा घेऊन खिडकीत, आणि बघते तर मेहताभाई हातात दोन चकचकीत पट्टे घेऊन उभे. कड्या लावलेले, खटक्यानं आवळणारे. "काका, एक मिनिट मां काम खतम!" आणि खरंच खटखट करून त्यांनी होडी बांधूनसुद्धा टाकली. काकांचा चेहरा पांढराफटक. वर गॅलरीत कुणीच नाही.

मी तशीच चपला न घालता धावले. "सोडा आधी ते! हायवेला तुटतात हे पट्टे! माझ्या भाच्याचं पार्सल उडालं होतं!" मला भाचाच नाही. मेहताभाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू सोसायटीत आता दोन वेडे झाले. पण पट्टे सोडले आणि पाय आपटत गेले.

काकांनी दोर घेतला. त्या दिवशी त्यांनी चुकांची नुसती रास घातली. उलटे वेढे काय, निसरड्या गाठी काय, चारही दारं करकचून बंद. गॅलरी रिकामीच. काका मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "अरेच्चा!" दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज फाटला.

आणि लिफ्टचं दार वाजलं. काकू. घरातलीच साडी, पायात काकांच्या मोठ्या चपला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गाडीपाशी आल्या, काकांना कोपरानं बाजूला केलं, पुढची गाठ एका झटक्यात मोकळी केली, फास, खालून टोक, ताण, गाठ. मग मागची. मग हात झटकून म्हणाल्या, "हालवून बघा."

काकांनी हलवली. सगळी गाडी हलली, होडी हलली नाही.

काकू होडीच्या दोन जागांकडे बघत राहिल्या. "भरती हाय का आता?"

"चढतेय अजून," काका म्हणाले. सगळं पाठ होतं त्यांना.

"मंग? दार उघडा. मी न्हाय खिडकीतशी बसायची."

काका लगबगीनं दारावरचा दोर सोडायला वाकले. चष्म्यावर पाणी होतं, आणि वर्षभर मुद्दाम गाठी चुकवणाऱ्या त्या माणसाला एक साधी गाठ खरोखरच सुटेना.

"सरा तिकडं," काकू म्हणाल्या. "तुमाना न्हायच यायची."

"नाहीच येत गं," काका म्हणाले.

मी घरात आले आणि स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. नवरा आतून विचारत होता, आज एवढ्यात खिडकी का लावली म्हणून.