तोफखान्याची साखरपेरणी

"मी आज पांढरा शर्ट घालू की निळा? तुझं मत माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे."

सर्जनसाहेबांचं हे वाक्य ऐकून त्यांच्या बायकोच्या हातातला चमचा ओट्यावर पडला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं कधी तिचं मत विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.

"खरं सांगा. कसले रिपोर्ट आलेत?"

"अगं, रिपोर्ट कसले? शिबिरात शिकवलंय असं बोलायला."

"मग आधी सांगायचं ना! जीव टांगणीला लागला माझा. निळा घाला आणि तो आवाज आधी बदला."

साहेबांनी इथेच सावध व्हायला हवं होतं. पण शहाणपण वेळेवर आलं तर गोष्टी कशा घडणार?

रुग्णालयाच्या संचालकाची खुर्ची रिकामी होणार होती आणि ती साहेबांना मनापासून हवी होती. रुबाबासाठी नव्हे. नवी यंत्रं, रात्रपाळीला पुरेशा सिस्टर, नातेवाइकांना बसायला धड जागा, असं बरंच काही त्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं शिजत होतं. घोडं अडलं होतं ते त्यांच्या जिभेपाशी. विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांनी तर तोंडावरच सांगितलं होतं, "डॉक्टर, तुमच्या हातावर माझा विश्वास आहे, तोंडावर नाही. संचालकाला माणसं सांभाळावी लागतात." मग त्यांची रवानगी सर्जन लोकांना नेतृत्व शिकवणाऱ्या एका शिबिरात झाली. तिथे एका सदा हसतमुख बाईंनी सांगितलं, हुकूम सोडू नका, विचारा. आवाज चढवू नका. सगळ्यांना सामावून घ्या. साहेबांनी ते परीक्षेला बसल्यासारखं घोकून काढलं.

परीक्षाही आयती चालून आली. खुद्द अध्यक्षांनाच हर्निया झाला. "भूल कमरेखालीच द्या," ते म्हणाले. "मी जागा राहणार. शिबिरात काय दिवे लावलेत ते मला माझ्या कानांनी ऐकू द्या."

आता साहेबांच्या ऑपरेशन थिएटरची एक रीत सांगायला हवी. तिथले लोक त्यांच्या पाठीमागे त्यांना 'तोफखाना' म्हणत, आणि ते प्रेमानंच. साहेब दिव्यावर ओरडले, कात्रीवर ओरडले, थंड हवेवर ओरडले, की सगळं आलबेल आहे असं समजून सगळे निवांत असत. पण आत काही फाटलं, रक्त थांबेना झालं, की त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा. "सिस्टर, जरा चिमटा देता का?" एवढं ऐकलं की सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा. ही खूण कुणी ठरवलेली नव्हती. साहेबांना तर तिचा पत्ताच नव्हता.

त्या दिवशी पहिला छेद घेऊन साहेब मधाळ आवाजात म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला सोयीचं असेल तर कृपया कात्री द्याल का?"

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं वाकून पाहिलं. रक्त कुठेच नव्हतं. दिसत नाही म्हणजे आतून असणार, असं तिनं ताडलं आणि भूलतज्ज्ञाला डोळ्यांनी खुणावलं. त्यानं लगेच थिएटरच्या वॉर्डबॉय मामांना रक्तपेढीकडे पिटाळलं.

बाहेर अध्यक्षांच्या पत्नी बसल्या होत्या. "मामा, काय झालं हो?"

"काही विचारू नका वहिनी," मामा धावता धावता म्हणाले, "साहेब गोड बोलायला लागलेत!"

वहिनींनी जो हंबरडा फोडला तो थेट आत पोचला.

"ही माझी बायको रडतेय का?" पडद्याआडून अध्यक्षांनी विचारलं.

"भावना व्यक्त होणं चांगलंच असतं," साहेब शिबिरातल्या सुरात म्हणाले. "बरं, पुढे कसं जावं याबद्दल आपल्या सगळ्यांचं काय मत आहे?"

"मत?" अध्यक्षांनी मान उचलायचा प्रयत्न केला. "अहो, तुम्हाला ठाऊक नाही पुढे कसं जायचं?"

सिस्टरनं धोक्याची घंटा दाबली. शेजारच्या थिएटरमधले दोन सर्जन हात वर धरून धावत आले. मामा रक्ताच्या पिशव्या घेऊन दारात अडखळले. साहेब जितके गोड होत गेले तितकी धावपळ वाढली आणि जितकी धावपळ वाढली तितके ते आणखी गोड झाले. अध्यक्षांच्या नाडीचं यंत्र टिकटिक सोडून एकसारखं किंचाळू लागलं.

साहेबांनी यंत्रावरच्या आकड्याकडे पाहिलं. साध्या हर्नियात माणूस भीतीनंच जायची वेळ आली होती. एका बाजूला खुर्ची होती, नवी यंत्रं होती, सगळी स्वप्नं होती. दुसऱ्या बाजूला टेबलावरचा पेशंट. साहेबांना फार वाईट वाटलं, पण विचार करावा लागला नाही.

"काय बाजार मांडलाय इथं?" छत हादरलं. "रक्त कुणी मागवलं? हर्निया आहे हा, लढाई नाही! मामा, त्या पिशव्या परत! तुम्ही दोघं, तुमचे पेशंट वाऱ्यावर सोडलेत काय? सिस्टर, कात्री! आणि अध्यक्ष, मान खाली!"

"देवा, पावलास!" सिस्टर पुटपुटली. भूलतज्ज्ञ स्टुलावर टेकला. बाहेर वहिनींनी डोळे पुसले. यंत्र हळूहळू शांत झालं आणि थोड्याच वेळात पडद्याआडून घोरण्याचा आवाज येऊ लागला.

संध्याकाळी साहेब मान खाली घालून अध्यक्षांच्या खोलीत गेले. "तुम्ही दुसरा माणूस बघा. मला नाही जमायचं."

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "आयुष्यात माझ्यावर कुणी इतकं ओरडलं नव्हतं. आणि ऑपरेशन ठरल्यापासून मला इतकी गाढ झोपही लागली नव्हती. खुर्ची तुमचीच."

साहेबांनी मान वर केली. "मग पुन्हा शिबिराला जाऊ?"

"तुम्ही नका जाऊ. त्या बाईंनाच इथे बोलावलंय, तुमच्या लोकांसाठी."

"त्यांना कशाचं शिबिर?"

"संचालक गोड बोलले तर घंटा कशी दाबायची नाही, याचं."