आठशे नव्याण्णवची खोली

जानेफळच्या पंजाबरावांनी होणाऱ्या व्याह्यांसाठी बुलढाण्यात हॉटेलच्या दोन खोल्या ठरवल्या आणि दुपारपर्यंत ही बातमी अर्ध्या गावाला सांगून टाकली. पुण्याहून रामराव, त्यांची बायको रुखमाबाई आणि मुलगा प्रेम असे तिघे वंदनाला बघायला येणार होते. वंदना बुलढाण्याच्या एका कॉलेजात शिकवायची, तेव्हा कार्यक्रम तिथंच करणं सोयीचं होतं. शिवाय जानेफळच्या घरात माणसाला पाठ टेकायला जागाच उरली नव्हती. पंजाबरावांचं बियाण्या-खतांचं दुकान, त्यात मे महिना संपत आलेला. गोदामात न मावलेला माल पाहुण्यांच्या खोलीत छतापर्यंत रचला होता. फवारणीच्या औषधांचा वास घरच्यांना आता जाणवत नसे, पण पुण्याच्या माणसाला त्या खोलीत निजवलं असतं तर सकाळी सोयरीक बाजूला राहून दवाखाना गाठावा लागला असता.

पंजाबरावांच्या बायकोचं, पुष्पाबाईंचं म्हणणं होतं की बुलढाण्यात आपला मामेभाऊ आहे, पाहुण्यांना त्याच्याकडं उतरवू. पण पंजाबरावांना मामेभाऊ नको होता, हॉटेल हवं होतं. हॉटेल या विषयात ते स्वतःला जाणकार समजत, कारण गेल्या दिवाळीनंतर ते गोव्याला चार दिवस राहून आले होते. कपाशीचं एक टॉनिक तालुक्यात सगळ्यात जास्त खपवलं म्हणून कंपनीनं त्यांना विमानानं नेलं होतं. तिथं हात पुढं केला की सरबत यायचं, नाश्त्याला सतरा प्रकार असायचे आणि चार दिवसांत कुणी त्यांच्याकडं एक रुपया मागितला नव्हता. हॉटेलात जे जे दिसतं ते सगळं खोलीच्या भाड्यातच येतं, असं त्यांच्या मनानं कायमचं धरलं. ते भाडं कोण भरत होतं, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. फुकट जेवणाऱ्याच्या मनाला तो सहसा शिवतही नाही.

खोल्या त्यांनी दुकानात बसून, चार गिऱ्हाइकांच्या देखत मोबाइलवर ठरवल्या. फोटोत पांढऱ्या चादरीचा पलंग, त्यावर टॉवेलचा केलेला हंस, बाजूला खोडलेला चोवीसशेचा आकडा आणि त्याखाली लाल अक्षरात आठशे नव्याण्णव. पंजाबरावांनी ते सगळ्यांना फिरवून दाखवलं. मग एक बटण दाबलं, तर भाव हजार चाळीस झाला. दुसरं दाबलं, तर 'सुविधा शुल्क' धरून अकराशे तीस. एका गिऱ्हाइकानं मान पुढं काढून भाव काऊन वाढून राह्यला म्हणून विचारलं, तेव्हा पंजाबरावांनी तो सरकारी टॅक्स असल्याचं सांगितलं आणि मोबाइल आपल्याकडं वळवून घेतला. चारचौघांत मागं फिरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

शेवटच्या पानावर पैसे आत्ता देता की हॉटेलात देता, असा प्रश्न आला. माल हाती आल्याशिवाय पैसा सोडायचा नाही, हा पंजाबरावांचा तीस वर्षांचा नेम. त्यांनी हॉटेलात देतो म्हणून सांगितलं. पाहुणे अकराला येणार, आपण नऊला पोहोचून सगळं चुकतं करून ठेवू, असा हिशेब होता. लगेच त्यांनी रामरावांना फोन लावला.

"तुम्ही खिशात हात घालायचं कामच नाही," ते म्हणाले. "आपला व्यवहार सरळ आहे, रामराव. एक भाव, एक जबान."

ठरल्या दिवशी पहाटेच बियाण्याचा ट्रक जानेफळात येऊन उभा राहिला. माल मोजून सही केल्याशिवाय ड्रायव्हर हलेना. तिकडं पुण्याची मंडळी उन्हाच्या भीतीनं मध्यरात्रीच निघाली आणि साडेसातला हॉटेलच्या दारात हजर झाली. पंजाबराव आणि पुष्पाबाई पोहोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. वंदना आधीच आली होती आणि काउंटरसमोरच्या सोफ्यावर पाहुण्यांजवळ बसली होती. रामरावांच्या एका हातात पैशाचं पाकीट होतं, दुसऱ्या हातात पावती. सगळं व्यवस्थित आहे, असं ते म्हणाले. पण त्यांचा आवाज असा होता की पंजाबरावांनी आधी ती पावतीच मागून घेतली.

पावती चांगली हातभर होती. दोन खोल्यांचं भाडं. बाराच्या आधी आल्याचे दोनशे. एसी चालू केल्याचे खोलीमागं तीनशे. फोटोत एसी होता, भाड्यात नव्हता. नाश्ता खोलीमागं एका माणसाचा, म्हणून रुखमाबाईंच्या पोह्यांचे ऐंशी वेगळे. टॉवेलचे साठ. आणि सगळ्यात खाली एकशेवीस, ज्याच्यापुढं नुसतं 'इतर' असं लिहिलं होतं. पैसे भरल्याशिवाय किल्ली मिळत नाही म्हटल्यावर रामरावांनी सगळे खिशातून भरले होते.

पाहुण्यानं नुसत्या चहाचे पैसे दिले तरी आपल्याकडं माणूस आठ दिवस तोंड लपवतो. इथं तर पाहुण्यानं स्वतःच्या निजण्याचे पैसे भरले होते, वर हात पुसण्याचेही. पंजाबरावांना भर लग्नात धोतर सुटल्यासारखं झालं. त्यांनी रामरावांच्या खिशात नोटा कोंबायला सुरुवात केली, रामराव राहू द्या राहू द्या म्हणत मागं सरकू लागले, आणि दोघं सोफ्याभोवती अर्धी प्रदक्षिणा करून थांबले. मग पंजाबरावांनी पाहुण्यांसमोर, ज्या साइटवरून खोल्या ठरवल्या तिच्या मदत केंद्राला फोन लावला. चौदा मिनिटं गाणं ऐकल्यावर एका बाईनं त्यांना हॉटेलशी बोलायला सांगितलं. हॉटेलच्या मॅनेजरनं साइटशी बोलायला सांगितलं. रुखमाबाई मासिकानं वारा घेत होत्या आणि काही बोलत नव्हत्या, त्यामुळं तर पंजाबरावांची लाज आणखीच वाढली. आणि लाज वाढली की माणूस आवाज वाढवतो.

मॅनेजर तिशीचा होता. इस्त्रीचा शर्ट, शांत चेहरा. पंजाबरावांनी काउंटरवर पावती आपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला धंदा शिकवायला घेतला.

"दाखवाची एक वस्तू अन् गळ्यात माराच्या पाच. याले धंदा म्हणत नाहीत, भाऊ. माणूस अडला म्हणून त्याले वरून दुसरं घ्याले लावाचं, हे पाप आहे. मी तीस वर्सं दुकान चालोतो. गिऱ्हाइकाले हे असं कधी केलं नाही."

मॅनेजरनं पावती सरळ केली. त्याच्या तोंडावर राग नव्हता, उलट जरा संकोचच होता.

"काका, तुमी मले वळखलं नाही," तो म्हणाला. "मी डोणगावच्या वहाबभाईचा सकलैन. मागच्या मिरगाच्या आधी अब्बासोबत तुमच्या दुकानापुढं दोन घंटे लायनीत उभा होतो."

पंजाबरावांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. लायनीतला माणूस काउंटरपलीकडं गेला की ओळखू येत नाही, पण वहाबभाईंची पांढरी दाढी त्यांना आठवली, आणि त्या दाढीबरोबर बाकीचंही आठवायला लागलं.

"आमाले बीटी कपाशीच्या त्याच नंबरच्या चार थैल्या पाह्यजे होत्या, सारे जे मांगत होते त्या," सकलैन हळूच सांगत होता. "थैलीवर भाव छापेल होता. तुमी म्हणले, भेटतीन, पन दोन थैल्यांमागं टॉनिकचा एक डबा घ्या लागीन. अब्बानं इचारलं, काऊन? तुमी म्हणले, हे वरून कंपनीचं आहे, माह्या हातात काही नाही."

"त्या टॉनिकनं कपाशी चांगलीच झाली असीन की," पंजाबराव म्हणाले.

"डबे फोडलेच नाही, काका. अब्बा म्हणे, जे आपून मांगतलं नाही ते वावरात टाकाचं नाही."

रुखमाबाईंनी वारा घेणं थांबवलं. सकलैननं गल्ला उघडला.

"एसीचं अन् नाश्त्याचं वरून मालकाचं आहे. पन लवकर येण्याचे दोनशे अन् टॉवेलचे साठ माह्या हातात हायेत. तेवढे वापस करतो."

त्यानं दोनशे साठ रुपये मोजून रामरावांच्या हातात दिले आणि आपल्या रजिस्टरात मान घातली. त्यानं टोमणा मारला असता तर पंजाबरावांना परवडलं असतं, भांडता तरी आलं असतं. पण तो खरोखरच सरळपणानं बोलला होता. कंपनीनं डबे खपवायला सांगितलं होतं हे खरं, पण थैलीच्या गळ्यात डबा बांधायची युक्ती पंजाबरावांची स्वतःची होती. ती त्यांच्या हातात होती. गोव्याचं विमान, सरबत आणि ते सतरा प्रकार वहाबभाईंसारख्यांच्या खिशातून आले होते, हे त्यांना आज पहिल्यांदा, तेही व्याह्यांच्या समोर कळलं. रामरावांच्या नजरेला नजर देण्याची त्यांची हिंमत होईना. एक भाव, एक जबान. हे शब्द आपण कशाला बोललो, असं त्यांना झालं. पुष्पाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. आता सोयरीक मोडणार, आणि ती आपल्या तोंडामुळं मोडणार, अशी पंजाबरावांची खात्री पटली.

तरी रीत ती रीत. सगळे जेवणाच्या हॉलमध्ये जाऊन बसले. चहा आला. रामरावांनी वंदनाला विषय कोणता शिकवता म्हणून विचारलं, तिनं इतिहास सांगितलं, आणि कुणालाच इतिहासाबद्दल पुढं काही विचारावंसं वाटलं नाही. प्रेम आणि वंदना एकमेकांकडं न बघता बसले होते. शेवटी रुखमाबाईंनी मांडीवरची पर्स उघडली, आत घडी करून ठेवलेल्या कागदाला हात घातला आणि घसा साफ केला.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," त्या म्हणाल्या. "आणि आमचं काही म्हणजे काही मागणं नाही. फक्त..."

"काकू, मधेच बोलते, माफ करा," वंदना म्हणाली. तिनं कप खाली ठेवला. "त्या 'फक्त'च्या पुढं जे असेल ते सगळं एकदाच सांगाल का? मुलासोबत अजून काय काय घ्यावं लागेल ते? थोडं थोडं कळत गेलं की जास्त त्रास होतो. सकाळपासून पाहून राहिले मी."

पुष्पाबाईंनी डोळे मिटले. पंजाबरावांना वाटलं, संपलं आता. रुखमाबाईंचा हात पर्समध्येच राहिला. त्यांनी रामरावांकडं पाहिलं आणि रामरावांनी कपातल्या चहाकडं.

"माझं मी सांगतो," प्रेम म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "फ्लॅट माझ्या नावावर आहे, पण त्याचे हप्ते अजून सतरा वर्षं जायचे आहेत. आणि मी घोरतो."

"ते कशाला सांगायला हवं होतं?" रुखमाबाई पुटपुटल्या. हप्ते की घोरणं, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा पंजाबरावांकडं वळल्या. खरं तर कुणी काही विचारलं नव्हतं. पण अंगावरचं एक पांघरूण निघालं की दुसरंही अंगावर राहत नाही. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वंदनाची नोकरी कायम आहे, असं मी तुम्हाले सांगतलं होतं," ते म्हणाले. "कायम नाही. तासावर आहे. तास घेतला त पैसे, सुट्टीत काही नाही. मी लपोलं."

रामराव काही बोलायच्या आत प्रेमच म्हणाला, "मला माहीत आहे. त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं."

वंदना भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहू लागली. ही दोघं फोनवर बोलतात, हेसुद्धा थोरल्यांना आत्ताच कळत होतं. लपवाछपवीचा सगळा उद्योग चार म्हाताऱ्यांनी एकमेकांपुढं चालवला होता, आणि ज्या दोघांच्या नावानं चालवला त्यांना त्याची गरज नव्हती. रामरावांना हसू येत होतं की खोकला, ते ओळखणं कठीण होतं. रुखमाबाईंनी पर्समधून हात बाहेर काढला. हात रिकामा होता. त्यांनी पर्सची चेन लावून टाकली.

"आम्हाला काही नको," त्या म्हणाल्या.

पंजाबराव मान खाली घालून पुढच्या 'फक्त'ची वाट पाहत राहिले. रामरावांनी चहा संपवला. पुष्पाबाईंनी डोळे पुसले आणि वंदनाला पाया पडायची खूण केली. वंदना उठली, वाकली, परत जागेवर येऊन बसली, तरी तो शब्द काही येईना. शेवटी पंजाबरावांना राहवलं नाही.

"अन् त्याच्यासोबत?" त्यांनी विचारलं.

"त्याच्यासोबत काही नाही, पंजाबराव," रामराव म्हणाले. "एवढंच."

पंजाबरावांनी मान हलवली. पण त्यांचा विश्वास बसला नाही, आणि बसला नाही याचीच त्यांना त्या दिवशी सगळ्यात जास्त लाज वाटली.