संपादकांची तब्येत

सहदेव गुरुजी कुणाला भेटले की नमस्कार करत नाहीत. हात पुढे करतात आणि म्हणतात, "मोबाईल बघू."

नवखा माणूस घाबरून देऊन टाकतो. गुरुजी त्यावर आपली वेबसाइट उघडतात, चष्मा कपाळावर चढवून अक्षरं न्याहाळतात, पान वरखाली सरकवतात, वहीत फोनचं मॉडेल टिपतात. मग नाव-गाव विचारतात. ते माझे शेजारी आणि महाडात माझं औषधांचं दुकान, त्यामुळे तापाने फणफणलेलं गिऱ्हाईकही या तपासणीतून सुटत नाही. मुंबईची गाडी यायच्या वेळेला ते मुद्दाम वीर स्टेशनला जातात. "तिथं नवे फोन उतरतात!"

वेबसाइट त्यांच्या गावची, कुडपणची. निवृत्तीनंतर स्वतः शिकून बनवलेली. पांढरं पान, काळी अक्षरं, फोटो एकही नाही. "सगळ्यांच्या फोनात उघडलं पाहिजे," हा पहिला नियम. दुसरा, हवं ते तीन टिचक्यांत सापडलं पाहिजे. हा त्यांनी घरालाही लावला. स्वयंपाकघरात 'मुख्य पान', 'धान्य', त्याखाली 'कडधान्य' अशा चिठ्ठ्या आहेत. काकू म्हणतात, "चाळीस वर्षं मला मीठ सापडत होतं हो. यांनी नीट लावल्यापासून आमटी अळणी."

मुख्य पानावर तीनच ओळी. एसटीची वेळ, रेशन दुकानाची वेळ आणि 'संपादकांची तब्येत'. बरी आहे. गुडघा दुखतो. काल सर्दी, आज ठीक. गावाच्या वेबसाइटवर तुमचा गुडघा कशाला, असं मी एकदा तोंडावर विचारलं. "माहिती ताजी हवी," म्हणाले. मेनूत 'फणस' नावाचंही एक पान होतं, आणि त्यात काहीच नव्हतं. रिकामं पान ठेवू नये असं जगाला सांगणारे हेच!

यंदा गावच्या मुंबईकरांनी हौसेने नवी वेबसाइट करून दिली. त्यात ढग सरकायचे, धबधबा पडायचा, सनई वाजायची. गुरुजींनीही मान डोलावली. चौथ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतो तो हे दारात उभे, चेहरा उतरलेला.

"तीन दिवस आला नाय रे."

"कोण?"

वेबसाइट कुठल्या फोनवरून उघडली, याची यादी त्यांना संगणकावर दिसते. त्यात रोज सकाळी एक अगदी जुनाट फोन असायचा.

"महादूचा हाय. माझा धाकटा भाऊ, गावालाच असतो. फोन मीच दिलेला. मग बांधावरच्या फणसावरून भांडलो. नऊ वर्षं बोलत नाय. पण रोज सकाळी बघतो, मी जिता हाय का ते. ही नवी त्याच्या फोनात उघडतच नाय. त्याला वाटेल, मी गेलो."

"मग फोन करा ना त्याला."

"आणि नाय उचलला तर?"

मी आपली ॲसिडिटीची गोळी पुढे केली. त्यांनी ती घेतली.

"मग बाकीच्या जगाचे फोन कशाला तपासत होता?"

"नायतर एकाच फोनासाठी एवढं करतो, हे लोकांना कळलं असतं."

त्याच दुपारी त्यांनी जुनी वेबसाइट परत चढवली. मुंबईकर खवळले. ढग कुठे गेले म्हणून फोनवर फोन. "पावसाळ्यात येतील," एवढंच उत्तर मिळालं. 'फणस'च्या पानावर मात्र त्यांनी पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. 'झाड तुझं. मी चुकलो.'

दुसऱ्या सकाळी यादीत तो जुनाट फोन आला. त्याने फणसाचं पान सात वेळा उघडलं.

"सातही वेळा पूर्ण उघडलं," गुरुजी डोळे पुसत म्हणाले.

परवा पोलादपूरकडून, म्हणजे कुडपणच्या बाजूने, आलेल्या एसटीच्या कंडक्टरने दुकानात एक भलामोठा फणस आणून ठेवला. "गुरुजींना द्या," एवढाच निरोप. चिठ्ठी नाही, नाव नाही. गुरुजींनी तो काट्यांसकट छातीशी धरला आणि तसेच घरी गेले. मला गहिवरून आलं, खोटं कशाला बोलू.

आज सकाळी मी वेबसाइट उघडली. तिसरी ओळ अशी होती : 'संपादकांची तब्येत : पोट बिघडलं. फणस जास्त झाला.'