व्याह्यांच्या मोटारीची झिलई

दुपारची जेवणे आटोपून व्याही आणि विहीणबाई पुढच्या खोलीत आडवे झाले, तेव्हा सुताराने अंगणात येऊन व्याह्यांच्या मोटारीचे प्रथमच निवांतपणे अवलोकन केले. मोटार गडद लाल रंगाची होती. व्याही तिला इतके जपत की, उतरल्यावर दार कधी आदळीत नसत, तळहाताने हलकेच दाबून लावीत. परंतु वयोमानानुसार तिच्या बॉनेटवरील तेज मंदावले होते आणि उन्हात पाहिले असता तेथे बारीक ओरखड्यांचे जाळे दिसत होते. ते जाळे पाहून सुताराच्या अंतःकरणात एक उदात्त विचार उत्पन्न झाला.

मुलगी त्या घरी नांदायला जाऊन वर्ष होत आले होते. माणसे सज्जन होती. त्यांनी तिला कधी शब्दानेही दुखावले नव्हते. तथापि आपल्या हातून त्यांच्यासाठी काहीच घडले नाही, ही रुखरुख सुताराला लागून राहिली होती. व्याही उठतील, मोटार आरशासारखी झळकताना पाहतील आणि घरी गेल्यावर सुनेला म्हणतील, "तुझ्या वडिलांच्या हातात कला आहे हो." एवढ्या एका वाक्याची त्याला अभिलाषा होती.

लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र त्याच्यापाशी होतेच. समोरच्या दुकानातून त्याने लोकरीची गोल गादी आणि मोटारीचा रंग उजळण्याचे मलम आणले. बायकोने दाराशी बसून डब्यावरील सूचना वाचून दाखवल्या. यंत्र सावकाश फिरवावे, गादी सपाट धरावी, मोटार सावलीत असावी आणि कडांना अगोदर चिकटपट्टी लावावी, असे तेथे लिहिले होते.

"अहो, कडांना पट्टी लावा म्हणतायत."

"ते शिकाऊ लोकांसाठी असतं. माझी उभी हयात पॉलिश करण्यात गेली."

"लाकडाला."

"पॉलिश ते पॉलिश. आणि हळू बोल, ते झोपलेत."

यंत्राची कळ आदल्या कामापासून चालूच राहिली होती. तिकडे दुर्लक्ष करून सुताराने वायर जोडली. त्याबरोबर जमिनीवर पडलेले यंत्र मलम लावलेल्या गादीसकट उसळले आणि गरागरा फिरत दोरीवरील कपड्यांच्या दिशेने निघाले. ते आवरेपर्यंत विहीणबाईंच्या पांढऱ्या टॉवेलवर मलमाचे शिंतोडे उडाले होते. बायकोने टॉवेल ओढून काढून बादलीत बुडवला. सुताराने खिडकीकडे पाहिले. आत सामसूम होती.

बॉनेटचा मधला भाग मात्र खरोखरच सुंदर निघाला. त्यात सुताराला आपला स्वतःचा चेहरा दिसला, आणि त्या दर्शनाने त्याचा आत्मविश्वास दुणावला. मग तो कडेकडे वळला. लाकडाच्या धंद्यात सगळी परीक्षा कडेवर असते. गिऱ्हाईक टेबलाच्या मध्यावर कधी बोट फिरवीत नाही, ते कडेवरूनच फिरवते. म्हणून सुतार नेहमी कडेवरच जास्त जोर देई. त्याने यंत्राचा वेग वाढवला, गादी तिरकी केली आणि छातीचा भार देऊन कड घासली. मोटारीचा रंग कडेवरच सर्वांत पातळ असतो, हे ज्ञान त्याला तत्क्षणी प्राप्त झाले. गादी लाल झाली आणि कड राखाडी.

"काय झालं हो?" बायको म्हणाली.

"काही नाही. प्रकाश पडलाय."

"बोटभर लांब?"

एका बाजूला असतो तो डाग, परंतु दोन्ही बाजूंना सारखा असला तर ती नक्षी ठरते, असा विचार करून सुताराने दुसरी कडही घासली. ती किंचित अधिक उघडली. मग पहिली तिच्याइतकी करावी लागली, आणि खुर्चीचे पाय सारखे करताना खुर्चीची जी गत होते तीच बॉनेटची झाली. अखेरीस त्याने लाकडाचे लाल पॉलिश आणून दोन्ही जागांवर बोळ्याने फिरवले. ओले असताना रंग हुबेहूब जुळला. इतक्यात वाऱ्याची एक झुळूक आली, अंगणातील लाकडाचा भुसा उडाला आणि नेमका त्या ओल्या पट्ट्यांवर जाऊन बसला. मोटारीला दिव्यांच्या वर दोन जाड भुवया फुटल्या.

सुतार बोळा हातात धरून उभा असतानाच व्याही डोळे चोळीत बाहेर आले. त्यांनी मोटारीला सावकाश एक फेरी घातली. भुवयांपाशी ते थोडे थबकले.

"छान," ते म्हणाले. "मधला भाग तर फारच छान."

या स्तुतीने सुताराला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शिव्या दिल्या असत्या तर त्याने त्या आदराने झेलल्या असत्या. त्याने मान खाली घालून सर्व काही सांगून टाकले. टॉवेलसुद्धा वगळला नाही.

"राग माझ्यावर काढा," तो शेवटी म्हणाला. "पोरीला मात्र काही बोलू नका."

व्याही बॉनेटऐवजी झाडाकडे पाहू लागले.

"अहो, मी जागाच होतो. खिडकीतून सगळं बघत होतो. पहिला कोपरा गेला तेव्हा वाटलं, आता थांबतील. तुम्ही दुसऱ्याकडे वळलात, तेव्हा पांघरूण तोंडावर घेतलं आणि घोरू लागलो."

"मग हाक का नाही मारलीत?"

"सुनेच्या वडिलांवर ओरडू? घरी गेल्यावर तिला काय तोंड दाखवलं असतं?"

"यांचा हात मी धरून ठेवला होता," आतून विहीणबाई म्हणाल्या.

मग वातावरण हलके करण्याच्या हेतूने व्याह्यांनी यंत्र हातात घेतले. दोष तुमच्या हाताचा नसून वेगाचा आहे, असे ते मोठ्या मनाने म्हणाले, आणि कसे धरायचे ते दाखवण्यासाठी डिकीच्या झाकणापाशी गेले. त्यांनी वेग कमी केला, कडांना पट्टी लावली, गादी सपाट टेकवली आणि सुताराकडे तोंड करून समजावून सांगू लागले. समजावण्यात ते इतके तल्लीन झाले की, यंत्र पुढे सरकवायचे राहून गेले. गादीखालून रंगाचा जळका वास आला. मग एक राखाडी गोल दिसू लागला आणि हळूहळू बशीएवढा झाला.

सुताराने तोंड उघडले. तेवढ्यात बायकोने मागून त्याचे कोपर घट्ट दाबले. त्याने तोंड मिटले.

"लक्षात आलं ना?" व्याह्यांनी विचारले.

"आलं," सुतार म्हणाला. "मी जरा पडतो."

आणि आत जाऊन तो घोरू लागला.